बादशहांच्या पत्रांतील ‘बंधू’

प्रश्न : मोगल बादशहा आणि इराणचे सफवी शहा यांच्या पत्रांची काही भाषांतरे वाचली. स्तुतीतच पाने संपतात आणि मुद्दा शोधावा लागतो. अशा कागदांवरून इतिहासकार तत्कालीन राजनीतीविषयी काही ठामपणे कसे सांगू शकतात?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, मात्र आपण जो भाग ओलांडून पुढे जाता, तिथेच अभ्यासक अधिक वेळ थांबतो. फारसी दरबारी पत्रलेखन, म्हणजे ‘इन्शा’, ही शिकून घ्यायची विद्या होती. मुन्शी, म्हणजे दरबारी लेखनिक, नामवंतांची पत्रे गिरवून तयार होत आणि अकबराच्या दरबारातील अबुल फजलची पत्रे तर पिढ्यान्‌पिढ्या नमुना म्हणून वापरली गेली. त्यामुळे पत्रात स्तुती आहे, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ठरलेल्या साच्यातून काय गळाले, कोणते संबोधन बदलले, समोरच्याला बरोबरीचा मानले की हलकेच एक पायरी खाली ठेवले, हे पाहावे लागते.

जहांगीर आणि शहा अब्बास एकमेकांना ‘बंधू’ म्हणत. प्रत्यक्षात त्यांची भेट कधीच झाली नाही. १६१३ मध्ये जहांगीराने खान आलम याला एलची (राजदूत) म्हणून इराणला धाडले आणि शहाची हुबेहूब तसबीर काढून आणण्यासाठी बिशनदास हा चित्रकार सोबत दिला. शहाने या एलचीला लाडाने ‘जान आलम’ म्हटले, हे जहांगीर आपल्या आत्मचरित्रात कौतुकाने नोंदवतो. पुढे शहाकडून तैमूरचा नातू उलुघ बेग याचे नाव कोरलेले माणिक आले. तैमूरच्या वंशजाला त्याच्याच घराण्याचे रत्न भेट देण्यात आदर होता, तसेच ते आजवर कोणाच्या खजिन्यात होते याची आठवणही होती (ही दुसरी छटा मला अधिक महत्त्वाची वाटते). आणि १६२२ मध्ये याच बंधूने मोगलांच्या ताब्यातले कंदाहार घेतले. त्यानंतरच्या पत्रात शहा लिहितो की आपण सहल आणि शिकारीच्या निमित्ताने त्या बाजूला गेलो होतो. बंधुभावाची भाषा मात्र तशीच राहते, कारण ती मोडली असती तर पुढच्या बोलण्यासाठी वाटच उरली नसती. जहांगीराने हे पत्र आणि आपले उत्तर दोन्ही आत्मचरित्रात उतरवून ठेवले, हे आपले भाग्य.

तरीही एकाच दरबारच्या कागदांवर विसंबणे धोक्याचे असते. १६१६ मध्ये अजमेरला इराणी एलची मुहम्मद रझा बेग बादशहासमोर आला, तेव्हा इंग्रज राजाचा वकील थॉमस रो तिथेच होता. इराणी एलचीने किती वेळा लवून मुजरा केला, त्याला कुठे उभे केले, हे रो असूयेने टिपत होता. आपल्याहून वरची जागा त्या एलचीला मिळू नये, एवढेच रोला हवे होते. रो फारसी जाणत नव्हता आणि दरबाराविषयीचे त्याचे बरेचसे तर्क चुकलेले आहेत. परंतु दरबारी बखरकाराला नेहमीचाच म्हणून न लिहावासा वाटलेला तपशील अशा परक्याच्या, तेही रुसलेल्या परक्याच्या, रोजनिशीत मिळतो.

प्रश्न : या राज्यांची मैत्री आणि वैर शिया-सुन्नी भेदावरच ठरत असे का?

उत्तर : भेद होता, पण तेवढ्याने गणित सुटत नाही. सुन्नी हुमायूनला १५४४ मध्ये आसरा दिला तो शिया शहा तहमास्पने, आणि मोगल व उस्मानी (तुर्कस्तानचे ऑटोमन) हे दोघेही सुन्नी असून त्यांची टिकाऊ युती कधी झाली नाही. दक्षिणेत चित्र थोडे वेगळे दिसते. गोवळकोंड्याचे शिया कुतुबशहा खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या नमाजातील प्रवचनात, इराणच्या शहाचे नाव घेत. यात श्रद्धा होती, तशीच मोगलांना दूर ठेवण्याची धडपडही होती. शाहजहानने नेमके हेच ओळखले आणि १६३६ च्या करारात अब्दुल्ला कुतुबशहाकडून ते नाव वगळवून स्वतःचे नाव घालून घेतले. विजापूरच्या आदिलशहांनीही मोगलांविरुद्ध शहा अब्बासला आर्जवाची पत्रे लिहिली होती. उत्तरे गोड आली. सैन्य मात्र इस्फहानहून कधीच आले नाही.