‘तोही तेच म्हणतो, म्हणून तू चूक’ हा युक्तिवाद कुठे फसतो?

मुद्दा सोडून माणसांची सोयरीक काढली जाते, तिथेच. आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या सभेत एका काकूंनी ओल्या कचऱ्यासाठी खतखड्डा सुचवला. लगेच मागून आवाज: "हे तर त्या थकबाकीवाल्याचंही म्हणणं आहे!" झालं, खड्डा बारगळला. वास येईल का, खर्च किती, कोणी विचारलंच नाही. हिटलर उत्तरायुष्यात शाकाहारी होता म्हणून शाकाहार वाईट ठरत नाही. राजकीय तत्त्वज्ञ लिओ स्ट्रॉस यांनी १९५०च्या दशकात या खोडीला ‘रिडक्टिओ अ‍ॅड हिटलरम’ (म्हणजे वाद हिटलरवर नेऊन संपवणं) असं नावच ठेवलं. आपल्याकडे ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या’ आहेच, त्यामुळे ही चूक शहाणपणासारखी वाटते. मात्र खड्ड्याचं कंत्राट काकूंच्या भाच्याला मिळणार असेल, तर ते नातं जरूर काढा.