लठ्ठपणाचं जनुक: आणणारं की रोखणारं?

प्रश्न असा आहे: प्रयोगशाळेतल्या उंदरांवरच्या लेखात 'लठ्ठपणाचं जनुक' असं वाचलं, म्हणजे लठ्ठपणा आणणारं जनुक, असंच ना?

नाही. पण यात वाचणाऱ्याची चूक नाही, आपल्या 'चा-ची-चं'ची आहे. झोपेच्या गोळीने झोप येते आणि तापाच्या गोळीने ताप जातो. प्रत्यय तोच, कुठली गोळी काय करते हे आपण अनुभवाने ओळखतो. जनुकांच्या बाबतीत असा अनुभव गाठीशी नसतो. हे जनुक तापाच्या गोळीच्या जातीचं.

१९४९ साली अमेरिकेत, मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही उंदीर बेसुमार फुगलेले आढळले. सतत खा-खा, हालचाल मंद, अंग थंड, पिल्लं होत नाहीत, आणि वजन जाऊन पोचतं साध्या उंदराच्या जवळजवळ तिपटीवर. ज्या जनुकात बिघाड झाल्याने हे होतं, त्याला त्या बिघाडावरूनच 'ओबीस', म्हणजे लठ्ठ, म्हणू लागले. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ते जनुक हुडकलं, तेव्हा त्याचं खरं काम नेमकं उलटं निघालं. निरोगी उंदराच्या चरबीतून ते एक संप्रेरक सोडायला लावतं, आणि ते मेंदूला 'साठा पुरेसा आहे' असं कळवतं. या संप्रेरकाचं नाव लेप्टिन, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'बारीक'. म्हणजे जनुक लठ्ठ आणि त्याचं संप्रेरक बारीक! ते टोचलं की या उंदरांची भूक आवरते, वजनही उतरतं.

उंदरात जे बिघडलेलं दिसलं तेच जनुकाचं नाव, ही तिथली जुनी रीत. 'रीलर' म्हणजे झोकांड्या खाणारा. पण त्याच जनुकापासून होणारं रीलिन हे प्रथिन मेंदूतल्या पेशींचे थर जागच्या जागी बसवायला लागतं. 'वॉल्ट्झर' हे नाव वॉल्ट्झ या गिरक्यांच्या नाचावरून, पण त्या उंदराला 'नाचरा उंदीर' म्हणणं मात्र मला खटकतं. तो बिचारा हौसेने गिरक्या घेत नाही. अंतर्कर्णातल्या रोमपेशी बिघडल्यामुळे त्याला तोल सांभाळता येत नाही आणि ऐकूही येत नाही. 'गरगरणारा' म्हटलेलं बरं.

तेव्हा लिहिताना 'लठ्ठपणा आणणारं उत्परिवर्तन' (म्हणजे जनुकातला बदल, इथे बिघाड) असं लिहावं, कारण 'आणणारं' हे विशेषण बिघाडाला शोभतं, जनुकाला नाही. जनुकाला 'लेप्टिनचं जनुक' म्हणावं. तिथला 'चं' कुणाला चकवत नाही.