कोकम सरबत सांडल्यावर लॅपटॉप चार्ज होईना

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. गेल्या आठवड्यात माझ्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर कोकम सरबत सांडले. मी तो लगेच बंद केला, पुसला आणि दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. आता तो बॅटरीवर चालतो, पण चार्ज होत नाही. चार्जरची गोल पिन आत घातली की अडॅप्टरवरचा दिवा विझतो आणि पिन काढली की पुन्हा लागतो. बॅटरी 40 टक्के उरली आहे आणि सत्र परीक्षेच्या प्रश्नपत्रिका त्यातच आहेत. नवा चार्जर घ्यावा का?

उत्तर : नवा चार्जर घेऊ नका आणि दुसऱ्या कोणाचा लावूनही पाहू नका. दिवा विझतो आणि पुन्हा लागतो, ही आपण टिपलेली खूण फार मोलाची आहे. पिन लागताच लॅपटॉपच्या आत कुठेतरी विजेला आडवाट मिळते, म्हणजेच शॉर्ट होतो, आणि अडॅप्टर स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडतो. त्यामुळे दोष अडॅप्टरमध्ये नसून बहुधा चार्जिंगच्या जॅकपाशी किंवा मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, वीज आत येते त्या भागात आहे. बॅटरीची वाट वेगळी असल्याने लॅपटॉप अजून चालतो. पिन पुन्हा पुन्हा घालून पाहिल्यास आज वाचू शकणारा भाग उद्या जळेल.

तांदळाने काही साधलेले नाही. पाणी हवेनेही वाळते, पण सरबतातील साखर, मीठ आणि कोकमाचे आम्ल आत तसेच राहते. हा थर हवेतील ओल शोषून घेतो, म्हणून गोव्याच्या पावसाळ्यात वरून कोरडा दिसणारा बोर्ड आतून पुन्हा दमट होतो आणि बॅटरी जोडलेली असेल तर तांब्याच्या बारीक रेषा गंजत जातात. यासाठी लॅपटॉप आता बंद ठेवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. प्रश्नपत्रिकांची काळजी मी समजू शकतो. आपल्या मॉडेलमधील एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी ड्राइव्ह, सुटी निघत असेल, तर दुरुस्ती करणारा ती बाहेर काढून फाइली दुसऱ्या संगणकावर उतरवून देईल. ती बोर्डलाच पक्की जोडलेली असेल, तरच उरलेल्या चार्जवर एकदा लॅपटॉप सुरू करून तेवढ्याच फाइली पेन ड्राइव्हवर घ्याव्यात.

मदरबोर्डवरील सुटे भाग बदलणाऱ्या, म्हणजे चिप लेव्हलचे काम करणाऱ्या, कारागिराकडेच जावे. तो आधी बॅटरीची जोडणी काढील, जॅकभोवती हिरवट-पांढरे डाग दिसतात का ते पाहील, 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने बोर्ड धुईल, पूर्ण वाळवील आणि मग मल्टिमीटरने शॉर्ट शोधील. अनेक लॅपटॉपमध्ये जॅक छोट्या वायरीसह सुटा येतो आणि तोच बिघडला असेल तर काम स्वस्तात होते. न तपासताच कोणी पूर्ण मदरबोर्ड बदलायला सांगितले, तर दुसऱ्याचे मत अवश्य घ्यावे. नेहमीच्या वॉरंटीत द्रव सांडून झालेले नुकसान सहसा बसत नाही. अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण घेतले असल्यास मात्र लॅपटॉप उघडण्यापूर्वी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारावे.

टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगलेला वाटत असेल, तर बॅटरी फुगली आहे. ती दाबू नका, टोचू नका आणि बदलल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. दुरुस्तीनंतरचे पहिले चार्जिंग दिवसा, समोर बसून करावे आणि जॅकपाशी हात लावून तो जास्त तापत नाही ना, हे पाहावे.