एवढं शिकून पोरगा हेड्या होणार का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. मुलाचं उदगीरला व्हेटर्नरी झालं, आता अमेरिकेत कॅन्ससला ॲग्री इकॉनॉमिक्सच्या एमएसला ॲडमिशन मिळतंय, पण प्रोफेसरचा प्रोजेक्ट बीफच्या गुरांवर, आणि घरात माळकरी सासरे विचारतायत की एवढं शिकून पोरगा हेड्या, म्हणजे गुरांचा व्यापारी, होणार का.

खरं सांगू का, हेड्याला जे तोंडपाठ असतं तेच तिकडे गणितात मांडतात. तिकडचा रँचवाला वासरू सहा-आठ महिन्यांचं झालं की आईपासून तोडतो आणि कोडं सुरू होतं, आत्ता विकू की अजून वाढवू. कारण वजन वाढलं की पाउंडामागचा भाव उतरतो. समजा ५०० पाउंडाच्या वासराला ३ डॉलरचा भाव म्हणजे १५०० झाले, ६०० च्याला २.८० म्हणजे १६८० (आकडे समजावण्यापुरते हं). म्हणजे वरच्या १०० पाउंडाचे आले फक्त १८०, आणि वैरण, व्याज, मरतूक धरून तेवढं वजन चढवायला २०० गेले तर दांडगं वासरू विकूनही तोटाच.

कालवडीचं तर अजून अवघड. विकली तर पैसे आज, ठेवली तर तिचं पहिलं वासरू बाजारात यायला साधारण दोन वर्षं. दुष्काळात चारा महागला की लोक गायीसुद्धा काढून टाकतात, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत बीफच्या गायी सुमारे २ कोटी ७९ लाख उरल्या होत्या, १९६१ नंतर सगळ्यात कमी. त्यामुळे भाव चढले, आणि भाव चढले म्हणून कालवड राखायला हात धजत नाही, अशी गंमत. हेरफर्ड गायीला अँगस वळू लावला तर संकराच्या जोमाने वासरू जास्त भरतं, हे तुमच्या मुलाला कळतंच, त्यातून खिशात किती उरतं ते त्याला शिकायचंय.

नोकऱ्या रँचवर नसतात, त्या शेतीकर्ज देणाऱ्या बँका, खाद्य कंपन्या, पशुविमा, मार्केट रिपोर्टवाले यांच्याकडे. पण स्टॅटिस्टिक्सचा कंटाळा असेल तर जाऊच नये, अर्धा कोर्स तोच असतो. आणि असिस्टंटशिप (प्रोफेसरकडे काम करून मिळणारा पगार) मिळतेय का, फी माफ की अर्धी, हे लेखी घ्या, कर्ज काढून हा कोर्स मी तरी सांगणार नाही. डिग्री स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, गणित वगैरे विषयांच्या) यादीत आहे का तेही विचारा, असेल तर ओपीटीच्या, म्हणजे शिकून झाल्यावर तिथे काम करायच्या परवानगीच्या, १२ महिन्यांवर अजून २४ महिने मिळू शकतात.

परत यायचं ठरलं तर? २०१५ पासून आपल्याकडे महाराष्ट्रात गाय-बैल दोन्हींची कत्तल बंद, त्यामुळे बीफचं काम इथे जसंच्या तसं चालणार नाही. पण उस्मानाबादी बोकड आत्ता काढायचा की बकरी ईदपर्यंत खाऊ घालायचा, हा हिशोब तोच की.

राहिले आजोबा. बीफ खावं लागणार नाही हे त्यांना सांगा, पण फीडलॉट (गुरं खाऊ घालून वजन वाढवायची जागा) बघायला जावंच लागेल, कदाचित कत्तलखानासुद्धा. ते जमेल का हे मुलालाच विचारा, तुम्ही दोघा-तिघांनी मिळून ठरवू नका. प्रोफेसरचं फंडिंगचं उत्तर आलं की मला कळवा, मग पुढचं बोलू.