दारू सोडल्यावरचे पहिले दिवस आणि योगा

अरे, पहिल्याच आठवड्यात शीर्षासन वगैरेच्या मागे लागू नकोस. आणि दारू रोज आणि भरपूर होत असेल तर ती एकदम बंद करायच्या आधी डॉक्टर गाठ, कारण अचानक सोडल्यावर हात थरथरण्यापासून फिट येण्यापर्यंत काहीही होऊ शकतं, तिथे आसनं कामाची नाहीत. गोळ्या चालू असतील तर योगा सुरू केला म्हणून त्या बंद करायच्या नाहीत.

आता तलफेचं. ती येते, चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरते, तेवढा वेळ काढायचा एवढंच काम. मी भिंतीला पाय वर टेकवून पडायचो, नाकाने चार मोजत श्वास आत, सहा-आठ मोजत बाहेर, मध्ये रोखायचा नाही. श्वास सोडणं लांबलं की छातीतली धडधड कमी होते, खरंच होते, करून बघ. पहिल्यांदा तर मी मोजता मोजता तीनदा आकडा विसरलो, पण तेवढ्यात दहा मिनिटं गेली होती ना!

कपालभाती, भस्त्रिका असले जोरजोरात श्वास घ्यायचे-सोडायचे प्रकार सध्या नको, आधीच बेचैनी असते त्यात अजून भर. बीपी असेल तर नकोच. शवासनात डोळे मिटल्यावर नको ते आठवायला लागलं तर डोळे उघडे ठेव, कोण बघतंय.

वेळ मात्र तीच धर ज्या वेळेला हात ग्लासकडे जायचा. माझी संध्याकाळी सातची होती, सकाळचा योगा छान व्हायचा आणि सातला परत बोंब, हे कळायलाच मला दोन महिने लागले.