पद्मिनीचं स्टिअरिंग: रॅकचा विचार नंतर, आधी किंगपिन बघा

तुमची १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे, स्टिअरिंग जड लागतं आणि साठच्या वर गाडी रस्ताभर फिरते. म्हणून मारुती ८००चा रॅक (दात्यांची पट्टी डावी-उजवीकडे सरकवून चाकं वळवणारी यंत्रणा), इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, रुंद टायर आणि स्प्रिंगा कापून गाडी खाली, असा बेत आहे. माझं स्पष्ट मत: यातलं काहीही आत्ता करू नका.

या गाडीची मूळ रचना वाईट नाही. पुढे डबल विशबोन (चाकाला धरणारे एकावर एक दोन हात) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), वर्मचा म्हणजे मळसूत्री गिअरचा स्टिअरिंग बॉक्स. मुंबईच्या काळ्यापिवळ्या याच मालावर वर्षानुवर्षं धावल्या. जड आणि भटकणारं, दोन्ही एकदम आलं की माझा पहिला संशय किंगपिनवर, म्हणजे पुढचं चाक वळताना ज्या उभ्या खिळीभोवती फिरतं तिच्यावर. निपलमधून ग्रीस गेलं नाही की पिन कोरडी पडते, चाक आपणहून सरळ येत नाही आणि आपण सतत सावरत बसतो.

पुढचं चाक जॅकवर उचला. वर आणि खाली हात धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग ढिलं; तरीही हललं तर किंगपिन नाहीतर विशबोनचे बुश (सांध्यातल्या नळ्या). कुठला सांधा हलतोय ते टॉर्च मारून दिसतं. मग डावी-उजवीकडून धरून हलवा, त्यात टायरॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) आणि आयडलर (त्या दांड्यांना बॉक्सच्या समोरच्या बाजूने आधार देणारा हात) यांचा ढिलेपणा सापडतो. बॉक्स सगळ्यात शेवटी. त्याचा स्क्रू आवळून प्ले घालवायचा मोह होतो, पण वर्म झिजतो तो मधल्या भागात. तिथला प्ले शून्य केलात तर पूर्ण वळवताना स्टिअरिंग अडकेल. आणि बॉक्समध्ये ९० नंबरचं गिअर ऑइल आहे का बघा. बरेच मिस्त्री गळती थांबवायला ग्रीस कोंबतात.

विशबोनला रबरी बुश नवे घातलेत तर नट अखेरचे आवळायचे ते गाडी चारही चाकांवर उभी करून. जॅकवर लटकत्या स्थितीत आवळले तर रबर कायम पीळ खाऊन राहतं आणि लवकर फाटतं. पॉलियुरेथेनचे बुश रोजच्या गाडीला मी घालणार नाही, कुरकुरतात.

मागचं टोक उंच दिसतंय का? जुन्या सीएनजी गाडीला टाकीच्या वजनासाठी जादा पाटा घातलेला असू शकतो. टाकी निघते, पाटा राहतो. मागून गाडी उचलली गेली की किंगपिनचा मागचा झुकाव कमी होतो आणि सरळ रस्त्यावर गाडी भटकते. इथे खर्च नाही, पाटा काढायचा एवढंच.

त्यानंतर नवे शॉकअप आणि १४ इंची रिमवर चारही सारखे १५५/८० रेडियल. मूळच्या ५.२०-१४ टायरच्या व्यासाला हे जवळ बसतात. याहून रुंद टायर घातलेत तर पार्किंगमध्ये हात भरून येतील. अलाइनमेंट या सगळ्यानंतरच.

रॅकला माझा विरोध का? रॅकचे आतले सांधे विशबोनच्या भूमितीशी जुळले नाहीत तर खड्ड्यात चाक वरखाली होताना आपोआप वळतं. घाटाच्या वळणावर खड्डा आला की गाडी स्वतःच दिशा बदलेल. गॅरेजवाला रॅक बसतो म्हणेल, पण हा हिशोब क्वचितच कोणी करतो.

स्प्रिंगा कापणं म्हणजे आपल्या स्पीडब्रेकरांना इंजिनाखालचं ऑइल चेंबर अर्पण करणं. शिवाय कापलेली स्प्रिंग कडक होते, शॉकअपला ती आवरत नाही.

हे सगळं करूनही खांदे दुखत असतील तर कॉलमवर (स्टिअरिंगच्या चाकापासून बॉक्सपर्यंतच्या दांड्यावर) इलेक्ट्रिक मोटर बसवण्याचा पर्याय उरतो, कारण त्यात बॉक्स आणि खालचे रॉड जागच्या जागी राहतात. फक्त कॉलम कापून वेल्डिंग करणाऱ्याकडे जाऊ नका. स्प्लाइन (एकमेकांत बसणाऱ्या खाचा) आणि युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरणारा सांधा) यांचंच काम घ्या. आधी आरटीओत लेखी विचारा: जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं म्हटलंय, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी तपासणीला उभं राहावंच लागतं.