चारा, रूळ आणि लाडोगाचा बर्फ

प्रश्न : नेपोलियन आणि हिटलर दोघांनाही रशियाच्या थंडीनं हरवलं, असं सगळे म्हणतात. मग रशियन लोकांचा वाटा किती? आणि 1941 मध्ये तर रेल्वे होती, तरी जर्मनांचं कुठं अडलं?
– एक वाचक, इतवारी, नागपूर

उत्तर : वाटा फार मोठा आहे आणि तो थंडीच्या खात्यावर जमा होतो, याचं वाईट वाटतं. तारखाच बघा. नेपोलियननं रशियाच्या सरहद्दीवरची नेमन नदी ओलांडली 24 जून 1812 ला, ऐन उन्हाळ्यात. विल्ना (आजचं विल्नियस) गाठेपर्यंतच वादळी पावसात भिजून आणि राय या धान्याची कच्ची हिरवी रोपं खाऊन त्याचे सुमारे 10,000 घोडे मेले. बर्फ पडायला अजून चार महिने होते!

आता चाऱ्याचा हिशेब मांडा. चार घोड्यांच्या जड गाडीत दीड टन माल मावे. घोड्याला रोज साधारण 10 किलो चारा-दाणा लागतो, म्हणजे गाडीमागे 40 किलो. मॉस्को नेमनपासून सुमारे 900 किमी दूर; रोज 25 किमी चाललं तरी 36 दिवस. तेवढ्यात घोडेच 1,440 किलो फस्त करणार. सैनिकांना उरलं काय? वाटेतली गावं लुटण्याशिवाय गत्यंतर नव्हतं आणि नेमकी तीच वाट रशियनांनी बंद केली. कोठारं जाळली, शेतकरी गुरं घेऊन जंगलात शिरले, चाऱ्यासाठी बाहेर पडलेल्या तुकड्या गनिमी काव्यानं लढणाऱ्या डेनिस डाविदोवसारख्या रशियन अधिकाऱ्यांनी कापून काढल्या. त्याच्याकडे सुरुवातीला होते 50 हुसार आणि 80 कोसॅक, म्हणजे अवघे 130 घोडेस्वार.

परतताना नेपोलियनला दक्षिणेकडच्या न लुटलेल्या मुलखातून जायचं होतं. 24 ऑक्टोबरला मालोयारोस्लावेत्स गावी रशियन फौज आडवी आली आणि त्यानं स्वतःच ओरबाडलेला स्मोलेन्स्कचा रस्ता तेवढा उरला. थंडी त्यानंतरची. तीही बेसावधांना भोवली : फ्रेंच घोड्यांच्या नालांना बर्फात रुतणारे खिळे नव्हते. चढावर घोडे घसरले की तोफ तिथंच सोडायची.

रेल्वेचं म्हणाल, तर छिंदवाडा लाइन नॅरो गेज होती तेव्हा इतवारीला माल एका डब्यातून दुसऱ्यात भरावा लागे. जर्मनांची अडचण त्याच जातीची. रशियन गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1,524 मिमी; जर्मनांचं 1,435. लाकडी स्लीपरवर एक रूळ 89 मिमी आत ठोकणं तसं सोपं. पण रशियन इंजिनं पाण्याचा मोठा साठा घेऊन धावत, म्हणून पाणी भरायची ठिकाणं लांब-लांब होती आणि जर्मन इंजिनांना तेवढा पल्ला झेपेना. इंजिनं-डबे तर रशियनांनी जमतील तेवढे मागे नेलेच होते.

आणि थंडी फक्त जर्मनांनाच नव्हती : त्याच 1941 च्या हिवाळ्यात जर्मनांनी वेढलेल्या लेनिनग्राड शहरानं गोठलेल्या लाडोगा सरोवराचाच रस्ता केला. मुलांना दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळत होता. 22 नोव्हेंबर 1941 ला 60 ट्रक बर्फावरून निघाले आणि 33 टन पीठ घेऊन आले. दीडटनी ट्रकमध्ये जेमतेम अर्धा टन, कारण बर्फ अजून पातळ होता.